डिसेंबरातला माज: चितळाचं अवेळी मीलन कसं ओळखावं आणि कसं नोंदवावं

उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसलेल्या माणसाला चितळाचा माज वेगळा शिकवावा लागत नाही. एप्रिल ते जून या काळात ताडोबा, पेंच, नागझिरा, बोर, कुठंही जा. पहाटे नरांचा घोगरा, ओढून काढलेला आवाज कानावर येतोच. बुद्ध पौर्णिमेला मचाणावर रात्र काढणाऱ्यांची तर समजूतच होऊन बसते की चितळं माजावर येतात ती फक्त वैशाखात. मग डिसेंबरच्या थंडीत एखादा नर मादीमागे मान लांबवून चाललेला दिसला, की गाईडपासून पर्यटकापर्यंत सगळे 'खेळतायत' म्हणून जिप्सी पुढे काढतात. ती नोंद तिथंच संपते.

मध्य भारतातल्या चितळांचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा, हे खरंच आहे. पण हा हंगाम कळपाचा आहे, एकेका नराचा नाही. काश्मिरातल्या दाचीगामच्या हंगुल या हरणाशी तुलना केली की फरक कळतो. तिथं सप्टेंबर-ऑक्टोबर आला की बहुतेक सगळे नर एकाच वेळी कडक शिंगांचे असतात, कारण त्या अक्षांशावर हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा दिवस यांत साडेचार तासांचा फरक पडतो आणि शरीराचं घड्याळ त्यावर लागतं. नागपूरच्या अक्षांशावर हा फरक अडीच तासांच्या आसपासच. चितळाचं शरीर दिवसाच्या लांबीला तितकं बांधलेलं नाही. प्रत्येक नराचं शिंगं गळण्या-उगवण्याचं चक्र साधारण वर्षाचं असतं, पण सगळ्यांची चक्रं एका दिवशी सुरू होत नाहीत. म्हणून बारा महिन्यांत कोणत्याही दिवशी एखादा तरी कडक शिंगांचा नर सापडतो, आणि माद्या तर वर्षभर माजावर येऊ शकतात. कॅलेंडर बाजूला ठेवून जनावर वाचायचं, एवढंच काम आहे.

आधी शिंगं वाचा

नराकडे पाहिल्यावर पहिली नोंद शिंगांच्या अवस्थेची. आकाराची किंवा टोकांची नंतर. वहीत सहा आकडे पुरतात.

0 म्हणजे शिंग गळलेलं, कपाळावरच्या खुंटावर ताजी जखम किंवा खपली.
1 म्हणजे मखमलीचा (वाढत्या शिंगावरच्या लवदार कातडीचा) गोळा, कानाच्या अर्ध्या उंचीपर्यंत.
2 म्हणजे मखमलीतच पहिला फाटा फुटलेला.
3 म्हणजे पूर्ण उंचीचं, पण अजून मखमलीतलं, टोकं बोथट आणि गोल.
4 म्हणजे मखमल सोलली जातेय, चिंध्या लोंबतायत, शिंगावर रक्ताचे डाग.
5 म्हणजे कडक, टोकं पांढुरकी आणि अणकुचीदार.

3 आणि 5 यांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लांबून दोन्ही सारखीच भव्य दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात नर सूर्याच्या आणि तुमच्या मध्ये येऊ द्या. मखमलीतल्या शिंगाच्या कडेला लवीची उजळ किनार दिसते आणि शिंग जाड, फुगीर वाटतं. कडक शिंगाची कड सुरीसारखी स्वच्छ असते. उजेड मागून मिळत नसेल तर टोकं बघा. बोथट टोक दिसलं तर शिंग अजून वाढतंय. 8 बाय 42 ची दुर्बीण यासाठी भरपूर झाली. फोटो काढून घरी मोठा करून बघणं त्याहून खात्रीचं.

ही अवस्था एवढी महत्त्वाची कशासाठी? शिंगं कडक होणं, मखमल सुटणं आणि नर माजावर येणं, तिन्ही एकाच संप्रेरकाच्या चढण्यावर चालतं. ते उतरलं की शिंग गळतं. मखमलीतल्या शिंगात रक्तवाहिन्या असतात, ते दुखरं असतं, त्यामुळे असा नर झटापट टाळतो आणि माजावरच्या मादीच्या फार नादी लागत नाही. म्हणजे अवेळी मीलन शोधायचं असेल तर 4 आणि 5 अवस्थेतले नर शोधायचे. बाकीचे मोजायचे, पण त्यांच्यामागे वेळ घालवायचा नाही.

मध्य भारतात पावसाळा सरता सरता शिंगं गळायला लागतात, डिसेंबर-जानेवारीत बहुतेक मोठे नर मखमलीत असतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कडक होतात. पूर्ण वाढीला साधारण चार-पाच महिने जातात. त्यामुळे डिसेंबरात कळपात 5 अवस्थेचा एक नर दिसला, तर तो त्या कळपातला सगळ्यात मोठा नसेलही. हीच अवेळीच्या माजाची गंमत. धिप्पाड नर मखमलीत अडकलेले असताना मधल्या वयाच्या, एरवी बाजूला हाकलल्या जाणाऱ्या नराला संधी मिळते. शिंगं लहान आहेत म्हणून त्याला पोरसवदा समजून सोडून देऊ नका.

एक विचित्र प्रकारही लक्षात ठेवा. वृषणाला इजा झालेल्या नराची शिंगं कायमची मखमलीत राहतात, वेडीवाकडी, गाठीगाठींची वाढतात आणि वेळेवर गळत नाहीत. असा नर तीन-चार महिन्यांच्या अंतराने तसाच दिसला तर त्याला अवस्थांच्या हिशेबातून वगळा.

नराचं वागणं: कशाला किती वजन द्यायचं

सगळ्या खुणा सारख्या तोलाच्या नसतात. नवखा निरीक्षक शिंगांची टक्कर दिसली की 'माज' लिहून मोकळा होतो. खरं तर डोकी लावून हलकेच ढकलाढकली तरुण नर वर्षभर करतात. मधेच थांबून गवत खातात, परत डोकी लावतात. त्यात राग नसतो आणि जवळ मादी असायची गरजही नसते. हिचं वजन शून्य धरा. दोन कडक शिंगांचे नर अंगावरचे केस फुलवून, एकमेकांना बाजू दाखवत ताठ पावलांनी समांतर चालताना दिसले, तर मात्र लिहा.

आवाजाचंही तसंच. चितळाची धोक्याची हाक तीक्ष्ण, तुटक आणि उंच पट्टीतली असते. ती नर-मादी दोघंही देतात आणि तेव्हा सगळा कळप एका दिशेला कान लावून उभा असतो. माजाची हाक फक्त नराची. मान पुढे लांबवून, तोंड किंचित वर करून तो जाड, खरखरीत आवाज ओढतो, आणि बरेचदा लागोपाठ तीन-चार वेळा. कळप चरतच असतो. ऐकताना शंका आली तर माद्यांकडे बघा. त्या निवांत असतील तर हाक माजाची.

चितळाचा नर मागच्या दोन पायांवर उभा राहून डोक्यावरच्या फांदीत शिंगं आणि चेहरा घासतो. पानं खायलाही तो असाच उभा राहतो. फरक ओळखायला जबड्याकडे बघा. जबडा चालू असेल तर तो खातोय. तोंड बंद आणि डोळ्याजवळचा भाग फांदीवर फिरतोय, तर तो डोळ्यापुढच्या ग्रंथीचा वास लावतोय. खाली झुडपं झोडपून शिंगांत गवत-वेली अडकवून फिरणारा नर आणि खुराने जमीन उकरणारा नर हेही त्याच माळेतले. या सगळ्याचा अर्थ 'नर तयार आहे' इतकाच. मादी तयार आहे की नाही, हे इथून कळत नाही.

ते कळतं पुढच्या साखळीतून. नर मान खाली, जमिनीला समांतर लांबवून मादीच्या मागे जातो. ती थांबून मुतते. नर ते हुंगतो, चाटतो आणि मग डोकं वर करून वरचा ओठ मुरडतो, काही सेकंद तसाच उभा राहतो. हा ओठ मुरडणं म्हणजे तपासणी. दिवसभरात एक नर अनेक माद्यांची अशी तपासणी करतो आणि बहुतेकींना सोडून पुढे जातो. म्हणून एकट्या ओठ मुरडण्याला 'मीलन' म्हणू नका. तपासणीनंतर तो त्याच मादीजवळ रेंगाळला, दुसरा नर आला की मध्ये उभा राहिला, ती उठली की उठला, बसली की जवळ बसला, तर ती मादी माजावर आहे किंवा यायच्या बेतात आहे. प्रत्यक्ष चढणं क्षणभराचं असतं आणि बहुतेक वेळा झाडीआड. ते दिसलं नाही म्हणून नोंद वाया गेली, असं नाही.

मादीचा माज आणि परत येण्याची तारीख

मादी माजावर असते ती फार तर दिवसभर. ती गाभण राहिली नाही तर साधारण 18-19 दिवसांनी पुन्हा माजावर येते. सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी आकडा हाच, आणि तो वापरतं फारसं कुणी नाही. वहीतली एक नोंद अशी असावी:

'12 डिसेंबर, स. 7.10. नाल्याच्या वळणावर, करंजाखाली. माद्या 9, पाडसं 2, नर 4 (अवस्था 5, 3, 3, 1). अवस्था 5 चा नर एकाच मादीमागे 11 मिनिटं, अंतर 2 ते 6 मीटर. मादीच्या उजव्या कानाला खाच, कास भरलेली. मूत्र हुंगणं 2, ओठ मुरडणं 1, चढणं 0. हाक 4. अवस्था 3 चा नर जवळ आला, हाकलला. पुन्हा बघणे: 29 डिसेंबर ते 2 जानेवारी.'

यात 'कास भरलेली' हे दोन शब्द सोन्याचे आहेत. चितळाची मादी पाडसाला पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. पाडस सोबत असलेल्या मादीमागे नर लागला तर 'ती तर लेकुरवाळी आहे' म्हणून नोंद टाळू नका. अवेळीच्या मीलनाचं हेच एक मोठं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे पाडस गमावलेल्या माद्या. तिसरं, पहिल्यांदाच माजावर येणाऱ्या तरुण माद्या. त्या आपल्या वजनाच्या हिशेबाने येतात, महिन्याच्या नाही.

मादी ओळखायला कानाची खाच, अंगावरचा व्रण, मानेजवळच्या ठिपक्यांची ओळ वापरा. चितळाचे ठिपके आयुष्यभर तेच राहतात, त्यामुळे एका बाजूचा स्पष्ट फोटो असला की वर्षानंतरही ती ओळखता येते. मात्र दर वेळी तीच बाजू घ्या. डाव्या बाजूच्या फोटोशी उजवी जुळवत बसण्यात कित्येकांचे तास गेले आहेत.

पाडसावरून उलटं मोजा

मीलन डोळ्यांनी दिसणं दुर्मीळ. पाडस मात्र दिसतंच. चितळाचा गर्भकाळ सुमारे 234 दिवसांचा, म्हणजे पावणेआठ महिन्यांच्या जवळ. तोंडी हिशेबाची युक्ती अशी: जन्मतारखेत 4 महिने 10 दिवस मिळवा आणि एक वर्ष मागे जा. 3 जानेवारीला जन्मलेलं पाडस मेच्या मध्यावरचं, म्हणजे ऐन हंगामातलं. 1 ऑगस्टला जन्मलेलं पाडस आदल्या डिसेंबरच्या 10-11 तारखेचं. एक-दोन दिवसांची चूक पडते, पण वयाच्या अंदाजातली चूक त्याहून कितीतरी मोठी असते.

आता वर लिहिलेली 12 डिसेंबरची मादी घ्या. ती गाभण राहिली असेल तर विणार ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ताडोबाचा गाभा, म्हणजे जंगलाचा आतला भाग, 1 जुलै ते 30 सप्टेंबर पर्यटनाला बंद. म्हणजे पाडस तुमच्या नजरेला पडणार ते 1 ऑक्टोबरनंतर, दोन महिन्यांचं होऊन. अवेळी मीलन 'होत नाही' असं वाटण्यामागे हे साधं कारण आहे: त्याची फळं जन्मतात तेव्हा बघणारं कुणी नसतं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाडसं मोजण्याची संधी म्हणूनच सोडू नये. गाभ्याभोवतीचा बफर भाग पावसाळ्यातही खुला असतो. तिथं ऑगस्टमध्ये नोंदी मिळाल्या तर उत्तमच.

वयाचा अंदाज उंचीवरून करा. जन्मल्यावर काही दिवस पाडस गवतात, झुडपात लपलेलं असतं आणि आई फक्त पाजायला येते. कळपासोबत फिरायला लागतं तेव्हा त्याची पाठ आईच्या पोटाच्या रेषेखाली असते. पाठ पोटाच्या रेषेला टेकली की साधारण दोन महिने. आईच्या उंचीच्या अर्ध्याहून वर गेली की चार-सहा महिने. ही नजरेची मापं आहेत, महिनाभराची चूक धरूनच चाला. आई आणि पाडस एकाच सपाटीवर, एकाच अंतरावर उभं असतानाच माप घ्या. पाडस जिप्सीच्या बाजूला असलं की ते मोठंच वाटतं. ठिपक्यांवरून वय काढायला जाऊ नका. परदेशी हरणांच्या माहितीत 'ठिपके जाईपर्यंत पाडस' असं असतं, आपल्या चितळाचे ते जातच नाहीत.

सांबर आणि भेकर

सांबराची वही वेगळी ठेवा, कारण त्याचा हंगाम चितळाच्या उलट्या टोकाला आहे. मध्य भारतात सांबराचा मुख्य माज हिवाळ्याच्या सुरुवातीला, नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास. शिंगं गळतात ती उन्हाळ्यात, आणि पाडसं बहुतांश पावसाळ्याच्या तोंडावर किंवा पावसात. म्हणजे डिसेंबरात कडक शिंगांचा सांबर ही बातमी नव्हे, जूनमध्ये दिसला तर मात्र आहे. गर्भकाळ आठ महिन्यांच्या आसपास, म्हणून जन्मतारखेत चार महिने मिळवून वर्ष मागे जायचं.

सांबराच्या गळ्याखाली, मध्यभागी, केस गेलेला लालसर, कधी रक्ताळलेला चट्टा दिसतो. पाहणारे त्याला वाघाची जखम किंवा रोग समजतात. माजाच्या काळात तो ठळक होतो, आणि पाजणाऱ्या मादीलाही असू शकतो. त्यामुळे चट्टा दिसला की लिहा, सोबत नर की मादी आणि कास कशी हेही लिहा. एकट्या चट्ट्यावरून माज ठरवू नका. चिखलात लोळून काळा झालेला नर आणि झाडाच्या सालीवर छातीच्या उंचीला घासल्याचे ताजे ओरखडे, या त्याच्या जास्त भरवशाच्या खुणा.

भेकराला 'अवेळी' हा शब्दच लागू पडत नाही. मादी वर्षभर कधीही माजावर येते आणि विल्यानंतर लवकरच पुन्हा गाभण राहते. गर्भकाळ सात महिने. इंग्लंडमध्ये पसरलेल्या चिनी भेकराच्या अभ्यासात तर शिंगं मखमलीत असतानाही नर प्रजननक्षम असल्याचं दिसलं आहे, त्यामुळे शिंगांच्या अवस्थेवरून चितळासारखा हिशेब इथं करू नका. त्याचं भुंकणंही माजाची हाक समजू नका. ते बहुतेक वेळा धोक्याचं असतं.

काळवीट आणि चौशिंगा यांना या वहीत जागा नाही. रेहेकुरीच्या अभयारण्यात काळविटांचा कळप बघून 'हरणांची शिंगं या महिन्यात गळलेली नाहीत' असं लिहिणारे भेटतात. ती गळतच नाहीत. ही कुरंगं आहेत, त्यांची शिंगं कायमची.

महिन्याचा हिशेब

एकट्या नोंदीने काही सिद्ध होत नाही. महिन्यामागून महिना एकच आकडा काढत गेलात तर होतं. दर महिन्याला एकाच रस्त्यावर, एकाच वेळी किमान चार फेऱ्या, आणि दिसलेल्या प्रौढ नरांपैकी 4 व 5 अवस्थेचे किती. समजा डिसेंबरात 14 प्रौढ नर दिसले आणि त्यांतले 3 कडक शिंगांचे, तर 21 टक्के. एकाच फेरीत जाता-येता दिसलेला कळप दोनदा मोजला, की हा आकडा बिघडतो. म्हणून फक्त जातानाचं मोजा, येताना फक्त वागणं लिहा. त्याखाली दुसरा आकडा: दर 100 प्रौढ माद्यांमागे पोटाच्या रेषेखालची पाडसं किती.

बागेत किंवा प्राणिसंग्रहालयात ठेवलेल्या चितळांच्या नोंदी यात मिसळू नका. तिथं वर्षभर चारा हातात मिळतो, नर-माद्यांचं प्रमाण माणसाने ठरवलेलं असतं. शिंगांच्या अवस्था ओळखायचा सराव करायला मात्र ती जागा फार चांगली.

मोबाइल गेटवर ठेवावा लागतो तिथं खिशात मावणारी वही आणि पेन्सिल न्या. पेनची शाई डिसेंबरच्या पहाटे दवाने पसरते. जिप्सी थांबवायची तर इंजिन बंद करायला सांगा आणि पहिली दोन मिनिटं काहीच लिहू नका, कारण त्या वेळात कळप तुमच्याकडे बघत असतो, आपल्या कामाला लागलेला नसतो. माजाच्या हाकेचं रेकॉर्डिंग वाजवून नर बोलावणं हा प्रकार पूर्ण बंद. त्याने जनावराला त्रास होतोच, आणि तुमची नोंदही खोटी ठरते. गळलेलं शिंग रस्त्यात पडलेलं दिसलं तर जागा आणि तारीख लिहा, गाईडला दाखवा, उचलू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ते जवळ ठेवणं गुन्हा आहे. आणि पावसाळ्यात शेताच्या बांधावर एकटं बसलेलं पाडस सापडलं, तर ते बहुधा अनाथ नसतं, आई चरायला गेलेली असते. हात न लावता लांब व्हा. संध्याकाळ उलटूनही आई आली नाही किंवा कुत्री मागे लागली, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा, आणि मग वहीत त्या पाडसाची तारीख टिपून 4 महिने 10 दिवस मिळवायला विसरू नका.